पांढरं अस्तर

पांढऱ्या कॅनव्हासची मला भीती वाटते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तीस वर्षं तैलरंगात माणसांचे चेहरे रंगवून पोट भरणाऱ्या बाईने असं कबूल करणं म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने मला पाण्याची भीती वाटते म्हणण्यासारखं झालं. पण आहे ते असं आहे. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, सभागृहाला देणगी देणारे गृहस्थ, कारखान्यांचे संस्थापक असे चारेकशे चेहरे माझ्या हाताखालून गेले आणि त्यातला एकूण एक तपकिरी अस्तरावर रंगवलेला आहे.

अस्तर म्हणजे चित्राच्या खालचा थर. दुकानातून आणलेला कॅनव्हास पांढराशुभ्र असतो. मी त्यावर तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून फडक्याने पुसून घेते आणि दोन दिवस वाळू देते. मग काम सोपं होतं. सावलीचं निम्मं काम ते अस्तरच करतं, उजेड तेवढा आपण ठेवायचा. शिवाय तपकिरी अस्तर माणसाला सांभाळून घेतं. कुणाचा वर्ण फिकुटलेला असो, पिवळट असो, त्या उबदार रंगात सगळं मिसळून जातं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पांढऱ्यावर ही सोय नाही. पहिला फटकारा मारला की तो डागासारखा वाटतो, आणि कातडीतली बारीकशी छटासुद्धा लगेच चव्हाट्यावर येते.

म्हणून माझी धाकटी बहीण जेव्हा म्हणाली, "माझं चित्र काढ, पण पांढऱ्यावर," तेव्हा मी सरळ नाही म्हटलं.

तिला आम्ही ढब्बू म्हणतो. लहानपणी ती गोल गरगरीत होती, तेव्हा पडलेलं नाव पन्नाशी उलटली तरी सुटलेलं नाही. कापड रंगवण्याच्या कारखान्यात ती शेड तपासते. रंगून आलेल्या ताग्याचा तुकडा आणि गिऱ्हाइकाने पसंत केलेला नमुना ठरावीक दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे आणि जुळतात की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. केसभर फरक असला तरी ती अख्खा लॉट परत पाठवते. रंगखात्यातले बाप्ये तिच्यापुढे चळचळा कापतात. तिचा नवरा जहाजावर इंजिनियर आहे, वर्षातले आठ महिने त्याचा पत्ता समुद्रातच. चित्र त्याच्या केबिनमध्ये लावायला हवं होतं, निदान ती तसं म्हणाली.

"तपकिरीवर काय वाईट आहे?" मी विचारलं.

"तपकिरीवर तू सगळ्यांना एका आईची लेकरं करून टाकतेस. त्या सभागृहातल्या भिंतीवर बघ एकदा. सगळे जण नुकतेच सहलीवरून आल्यासारखे दिसतात."

"लोकांना तेच आवडतं."

"मला नको. मला आहे तशी रंगव."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. चांगली दहा मिनिटं मी तिला माझ्या कामातलं काय काय कळत नाही ते सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "झालं? मग रविवारी किती वाजता येऊ?" ढब्बूपुढे माझं कधीच काही चाललेलं नाही.

माझी कामाची खोली एका छापखान्याच्या वर आहे. आठवडाभर खालची यंत्रं खडखडतात आणि माझे ब्रश बरणीत हळूहळू गोल फिरतात. रविवारी मात्र सगळं शांत असतं. उत्तरेकडे एकच मोठी खिडकी आहे, तिच्या उजेडात मी ढब्बूला खुर्चीवर बसवलं आणि कोळशाने चेहऱ्याची ठेवण काढून घेतली. अकरा वाजता डोळ्यांना हात घातला.

डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो, हे समजायला नवशिक्याला दोन वर्षं लागतात. तो राखाडी असतो, त्याच्यावर पापणीची सावली असते. मी राखाडी रंग मिसळला आणि ठेवून पाहिला. जुळेना. त्यात किंचित पिवळा घातला. तरी जुळेना. अजून थोडा घातला, मग अजून थोडा, तेव्हा कुठे जुळला. मी ब्रश खाली ठेवला.

आमची आई गेली तेव्हा बावन्न वर्षांची होती. जाण्यापूर्वी चार महिने ती आमच्या डोळ्यांसमोर पिवळी पडत होती आणि घरात एकाही माणसाने तो शब्द उच्चारला नाही. वडील म्हणायचे, दमते आहे ती. मी म्हणायचे, खिडकीच्या पडद्याचा रंग पडतोय तिच्या तोंडावर. मी तेव्हा चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होते, माझं म्हणणं सगळ्यांना पटायचं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की आधी आणायला हवं होतं. तेव्हापासून कावीळ हा शब्द आमच्या घरातून हद्दपार झाला. आता ढब्बूला एक्कावन्नावं चालू होतं.

मी डोळ्यातला तो पिवळा फडक्याने पुसून काढला. पांढऱ्या अस्तरावर सगळंच असं दिसतं, मी स्वतःला सांगितलं. तीस वर्षं तपकिरीवर बसलेली नजर एकदम पांढऱ्यावर आणली तर ती फसणारच. हे अर्धं खरं होतं, म्हणूनच सबब म्हणून ते फार कामाला आलं. मी नवा राखाडी मिसळला, त्यात पिवळ्याऐवजी गुलाबी घातला, आणि गालांवरही तोच गुलाबी हलक्या हाताने फिरवला.

बैठक संपल्यावर ढब्बू उठून चित्रासमोर आली. आधी दहा पावलं मागे गेली, मग जवळ आली, डोळे बारीक केले, मान एका बाजूला कलती केली. इतर लोक स्वतःचं चित्र पाहताना आधी हसतात किंवा लाजतात. ती तशी पाहत नव्हती.

"बरं आहे," ती शेवटी म्हणाली, आणि पर्स उचलून शीळ घालत जिना उतरून गेली.

दुसऱ्या रविवारी ती सारखी दंड खाजवत होती.

"हलू नकोस गं."

"खाज सुटलीय. हाताला, तळव्यांना, सगळीकडे."

"कारखान्यातल्या रंगाची असेल."

"मी रंगात हात घालत नाही ताई. मी नुसती बघते."

तिसऱ्या रविवारी तिच्या ब्लाउजची कॉलर मानेपासून सुटून उभी राहिलेली दिसली. पहिल्या दिवशी ती मानेला लागून होती, माझ्या चित्रात अजून तशीच होती. मी विचारलं, डाएटचं खूळ घेतलंस की काय. ती म्हणाली, "कसलं डाएट, भूकच लागत नाही." मी तिच्यावर डाफरले, की कॉलर बदललीस तर मला सगळं परत काढावं लागेल. भीती वाटली की मी चिडते, हे मला माझं माहीत आहे. त्या दिवशी मी तिच्या हनुवटीवरून, बसण्यावरून, चहा सावकाश पिण्यावरून, सगळ्यावरून चिडले. ती ऐकून घेत राहिली. एरवी तिने मला एकास चार सुनावल्या असत्या.

आणि दर रविवारी तेच होत होतं. माझा हात पॅलेटवर आपला आपण खरा रंग बनवायचा. हाताला सबबी कळत नाहीत. पांढरा, पिवळा, किंचित तांबडा, किंचित हिरवा असं करत तो बरोबर तिथे जाऊन पोचायचा. मी तो रंग पाहायचे आणि मग त्यात गुलाबी घालायचे. आधीच्या रविवारपेक्षा जास्त घालावा लागायचा. डोळ्यांत तेल घालून बघायचं हे माझं काम, आणि मी चक्क डोळेझाक करत होते. चौथ्या रविवारी गुलाबी रंगाची नवी ट्यूब फोडली. एरवी मला ती वर्षभर पुरते.

ढब्बू मात्र बैठक संपली की चित्रासमोर जाऊन उभी राहायची, डोळे बारीक करायची, "बरं आहे" म्हणायची आणि हसतमुखाने जायची. ती जाताना इतकी हलकीफुलकी दिसायची की मलाही तेवढ्यापुरतं वाटायचं, आपणच वेडे आहोत.

मधल्या दिवसांत मी माणसांच्या डोळ्यांकडे बघत सुटले. बसचा कंडक्टर, बेकरीवाला, छापखान्याचा मालक. मला सगळ्यांचेच डोळे जरा जरा पिवळे वाटायला लागले, आणि त्याने मला केवढा धीर आला म्हणून सांगू. म्हणजे दोष माझ्या नजरेत आहे. पाचव्या बैठकीनंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी दोन्ही डोळ्यांत दिवा मारून पाहिला. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे," ते म्हणाले. "आतलं भिंग थोडं पिवळसर झालंय. तुमच्या वयाला होतं हे. काळजी करू नका."

"पिवळसर? नक्की?"

"अगदी थोडं."

"मला काळजी नाही वाटत हो. मला फार बरं वाटलं."

त्यांनी माझा चष्म्याचा कागद लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचे दोनदा आभार मानले. मोतीबिंदू झाला म्हणून आनंदाने रस्ता ओलांडणारी बाई त्या दिवशी त्या गावात मी एकटीच असेन.

हा आनंद कुणाला तरी सांगायला हवा होता. मी तडक चुनखडीकडे गेले. चुनखडी म्हणजे माझा कॉलेजातला मित्र, आता तिथेच शिकवतो. तो जन्मभर पांढऱ्या अस्तराचा भक्त, तपकिरीवर काम करणाऱ्यांना तो रंगारी म्हणतो, म्हणून आम्ही त्याचं नाव चुनखडी ठेवलेलं. तो वर्ग आटोपून ब्रश धूत होता.

"पांढऱ्यावर काम करतेयस? तू?" तो म्हणाला. "सूर्य कुठे उगवला आज?"

"ऐकून तर घे. चेहऱ्यात मला सारखा पिवळा दिसतोय. आता कळलं का ते. मला मोतीबिंदू होतोय. डोळ्याचं भिंग पिवळं झालंय."

तो हसायला लागला. ब्रश झटकून म्हणाला, "अगं, ज्या डोळ्याने माणूस बघतेस त्याच डोळ्याने रंगही बघतेस ना? डोळ्यातला पिवळा माणसावर चढतो तेवढाच रंगावरही चढतो. दोन्हीकडचा सारखाच, म्हणजे वजाबाकीत उडाला. तुझ्या डोळ्यात काहीही असू दे, तू जुळवलेला रंग जुळलेलाच राहणार."

मी तिथल्या स्टुलावर बसले.

"आणि पांढरं अस्तर?" मी विचारलं. "त्याने नजर फसते ना?"

"फसते की. पण अस्तर कॅनव्हासला आहे, माणसाच्या गालाला नाही. शंका असली तर मिसळलेला रंग पॅलेटच्या सुरीच्या टोकावर घे आणि सरळ माणसाच्या गालाशेजारी धर. तिथे अस्तराचा संबंध नाही नि तुझ्या मोतीबिंदूचाही नाही. कातडीशेजारी रंग. जुळला तर जुळला. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो मी हे." मग माझ्याकडे पाहून त्याचं हसू जरा कमी झालं. "कुणाचं चित्र आहे?"

"एका गिऱ्हाइकाचं," मी म्हणाले.

हे सुरीचं मला माहीत नव्हतं असं नाही. मीही शिकवलंय पोरांना. तीस वर्षं मी तसंच काम केलं, अडलं की सुरी उचलायची आणि गालाशी धरायची. या चित्रात तेवढं एक मी पाचही बैठकींत केलं नव्हतं, आणि का केलं नव्हतं ते मला चुनखडीच्या त्या स्टुलावर बसल्यावर स्वच्छ दिसलं.

सहाव्या रविवारी मी बैठकच रद्द केली. सर्दी झालीय म्हणून फोनवर सांगितलं. ढब्बू म्हणाली, "पुढच्या रविवारी तरी नक्की ना?" तिच्या आवाजात काहीतरी होतं आणि मी ते ऐकलं नाही असं केलं. आठ दिवस असेच गेले. ते आठ दिवस मी कुणाला परत देऊ शकणार नाही.

सातव्या रविवारी ती आली तेव्हा मी दाराशी उभी राहून जिन्यावरची तिची पावलं ऐकत होते. अठरा पायऱ्या आहेत. ती दोनदा थांबली. वर आली, माझ्याकडे पाहून हसली आणि खुर्चीवर जाऊन बसली. खिडकीतून येणारा उजेड त्या दिवशी अगदी स्वच्छ होता. आता चित्रकार असण्याची काहीच गरज नव्हती. तरी मी पॅलेट घेतलं आणि रंग मिसळायला लागले, कारण मला दुसरं काही करता येत नाही. गुलाबी घेतला नाही. हाताला जे करायचं होतं ते करू दिलं.

"काय करतेस?" तिने विचारलं.

"रंग बघते. हलू नकोस."

सुरीच्या टोकावर रंग घेतला आणि तिच्याकडे गेले. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. मनात म्हणत होते, डाग दिसू दे. तिच्या गालावर हा रंग कुणी हळद फासल्यासारखा वेगळा दिसू दे, म्हणजे मी चुकले, माझी तीस वर्षं पाण्यात गेली, उद्यापासून मी भिंती रंगवीन. सुरी तिच्या डोळ्याखाली गालाशी टेकवली. पोलादाची कड दिसत होती. त्या कडेपलीकडे रंग कुठे संपतो आणि ढब्बूचा गाल कुठे सुरू होतो, ते मला दिसेना.

ती डोळे मिटून बसली नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती.

"जुळलं?" तिने विचारलं.

"पांढऱ्या अस्तरामुळे ना, जरा..."

"ताई, अस्तर तिकडे आहे."

मी सुरी खाली घेतली. फडक्याने पुसली, परत पुसली.

"जुळलं का ते सांग," ती म्हणाली.

"जुळलं."

ती खुर्चीत मागे टेकून बसली. "आमच्याकडे एका नजरेवर लॉट नापास होत नाही," ती म्हणाली. "माझी एक सही झाली की दुसऱ्या कुणीतरी बघावं लागतं. आणि त्याला आधी काही सांगायचं नसतं. सांगितलं की त्याला तेच दिसायला लागतं. त्याने आपलं आपण बघून सही केली, तरच लॉट परत जातो."

"म्हणजे तुला..."

"तुझ्याकडे यायच्या आठ दिवस आधी आरशात दिसलं. पण आईचं झाल्यापासून मला काय, कुठेही पिवळं दिसतं. दर वर्षी एकदा तरी मी मरते. म्हणून म्हटलं, ताईला बघू दे. तपकिरीवर ते बुडून गेलं असतं. म्हणून पांढरं मागितलं."

"मग बोलायचं नाही का काही?"

"काय बोलणार? तू गुलाबी लावलंस." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. "पाचही वेळा गुलाबी. मी दर रविवारी चित्र बघायचे आणि म्हणायचे, माझं डोकं फिरलंय, ताईचा हात चुकणार नाही. घरी जाऊन आठवडाभर गाढ झोपायचे."

मला दिसलंच नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मोतीबिंदूचा कागद पर्समध्येच होता. तिने विश्वासही ठेवला असता. मी तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच.

"मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं," मी म्हणाले.

"पहिल्या?"

"पहिल्या. डोळ्यात. मी पुसून टाकलं."

ढब्बू माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर मी ते सोसलं असतं, लहानपणापासून आम्ही भांडतच आलोय. पण ती रागावली नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलला आणि मला समजलं, की आत्ता, या क्षणी, ती खरी घाबरली आहे. इतके दिवस तिला वाटत होतं की निदान एक माणूस नीट बघतंय. तिने ईझलवरच्या चित्राकडे पाहिलं. तिथे एक टवटवीत, तुकतुकीत बाई कॉलर घट्ट लावून बसली होती.

"उद्या येशील माझ्याबरोबर?" तिने विचारलं. मी तिचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही रुग्णालयात होतो. डॉक्टर तिशीच्या आतबाहेरची मुलगी होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं नेमकं. तिने ढब्बूची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली आणि तळवे पाहिले.

"पिवळेपणा कधीपासून आहे?"

"परवाच लक्षात आलं," ढब्बू पटकन म्हणाली. मला वाचवण्यासाठी ती असं म्हणाली, हे मला कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सहा आठवडे," मी म्हणाले. "त्याच्याही आधी आठ दिवस. मी सगळं बघितलंय."

"तुम्ही कोण?"

"थोरली बहीण."

"रोज बघत होतात?"

"दर रविवारी. साडेतीन तास."

तिने लिहिताना मला काही विचारलं नाही. मला वाटलं होतं ती विचारेल, मग आणलं का नाही, आणि मी उत्तर घोकून आले होते. न विचारता तिने "सात आठवडे" लिहून त्याखाली रेघ मारली. मग ढब्बूला पडद्यामागच्या टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. ढब्बूने चपला काढून पडद्याबाहेर नीट जुळवून ठेवल्या आणि आत गेली.

मी टेबलावरून पुढे वाकले. "काय असेल हो?" मी हळूच विचारलं.

"तपासण्या झाल्याशिवाय सांगता येणार नाही." तिनेही आवाज खाली आणला. "पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी असं होतं. खडा असेल तर बरंच आहे, तो काढून टाकता येतो. पण खडा असला की सहसा दुखतं. दुखतं का त्यांना कुठे?"

"काही बोलली नाही तशी. आणि दुखत नसेल तर?"

तिने हातमोजे चढवले. "आधी बघू तर या," ती म्हणाली आणि पडदा सारून आत गेली.

पडदा खालून हातभर उघडा होता. डॉक्टरचे बूट दिसत होते. टेबल करकरलं.

"इथे दाबल्यावर दुखतं?"

"नाही," ढब्बूचा आवाज आला.

"इथे?"

"नाही."

"आता खोल श्वास घ्या. घ्या. आता?"

लहानपणी ढब्बूला ठेच लागली तरी रडायचे मी. आता मी खुर्चीचा हात दोन्ही हातांनी आवळून बसले होते आणि मनात एकच घोकत होते, दुखू दे. कळवळू दे. हो म्हण गं, एकदा तरी हो म्हण.

"नाही," ती म्हणाली. मग मला नीट ऐकू जावं म्हणून तिने पडद्यामागून आवाज चढवला. तिला वाटलं, मी बाहेर उगाच जीव टांगणीला लावून बसले असेन.

"ताई, काळजी करू नकोस. कुठ्ठेच दुखत नाहीये."